गाळलेल्या चौकटी

दादा,

गेल्या शनिवारी हार्त्सच्या डोंगरातून एक माणूस ट्रेलर घेऊन आला आणि तुझं इंजिन घेऊन गेला. बग्गीचा सांगाडा त्याला नको होता. तो अजून गॅरेजमध्येच उभा आहे, चारही चाकांवर, मागच्या बाजूला रिकामा. गॅरेजचा करार महिनाअखेरीला संपतोय, म्हणून वहिनींनी ते सगळं हलवायला घेतलं. ‘भावजी, तुम्ही बरोबर असा,’ म्हणाल्या, म्हणून मी गेलो. ट्रेलरवर चढवताना एका बाजूने मी धरलं होतं. हे इंजिन काय, दोन माणसं हसत उचलतील, असं तू म्हणायचास. तसं नाही रे ते.

तुला जाऊन सहा आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला तुझ्यावर दोन पानं हवी आहेत. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, गणपतीच्या मंडपाची तू उभी केलेली वीजजोडणी, हे सगळं कोणीही लिहील, आणि माझ्यापेक्षा बरं लिहील. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती आधी तुला सांगायला हवी होती आणि त्यासाठी माझ्याकडे दोन वर्षं होती.

तुझं इंजिन तुझ्या चुकीने जाम झालं नव्हतं. माझ्या चुकीने झालं.

हे छापून यायला हवं, कारण इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती तूच सगळ्यांना सांगितली होतीस. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, कोणाच्या नव्या घराच्या पूजेला. ‘अहो, जन्मभर लोकांची इंजिनं तपासली, आणि घरच्या इंजिनाला तेल पोचतंय का, तेवढं बघायचं राहिलं!’ लोक हसायचे. तूही हसायचास. मी तुझ्या शेजारी ताट धरून उभा असायचो, आणि मीही हसायचो.

बग्गी, म्हणजे खाचखळग्यांतून पळवायची ती उघडी छोटी गाडी, तू तुझ्या बग्गीवाल्यांच्या क्लबातल्या कोणाकडून तरी घेतलीस, तेव्हा तिच्यात एका जुन्या मोटारीचं दमलेलं इंजिन होतं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत तुम्ही क्लबवाले दर महिन्याला जमायचात. रस्त्यावर त्या गाड्यांना परवानगी नाही, खाणीत मात्र काहीही चालवा. तिथल्या पहिल्याच चढावर तुझी बग्गी धापा टाकून थांबली. त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात स्नोमोबाइलचं इंजिन शिरलं. बर्फावरची ती गाडी, पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा. तिचं इंजिन हलकं, ताकदीचं, आणि गिअरऐवजी पुली आणि बेल्टवर चालणारं.

वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘यांना बर्फातली गाडी खडीत पळवायची आहे. उद्या होडीचं इंजिन काढून माझ्या मिक्सरला लावतील.’

‘मिक्सरला होडीचं कशाला लागतं?’ तू गंभीरपणे म्हणालास. ‘मोपेडचं पुरेल.’

स्वीडनहून इंजिन आलं. कोणाची तरी गाडी झाडावर आदळून मोडली होती, इंजिन तेवढं धड राहिलं होतं. त्याच्याबरोबर आलं एक जाड, डागाळलेलं माहितीपुस्तक, स्वीडिश भाषेतलं. तू ते उघडलंस, मिटलंस आणि माझ्यापुढे टाकलंस.

‘घे पंडित. आता कळू दे तुझ्या त्या स्वीडिशचा उपयोग.’

मी स्वीडिश संध्याकाळच्या वर्गात शिकलो होतो. कशाला, असं तू विचारलं होतंस आणि मी ‘वाचायला’ म्हटलं होतं. ‘विन्याला भाषा लोणच्यासारख्या लागतात,’ हे तू त्यानंतर दहा घरी तरी सांगितलंस. ‘पानात दुसरं काही नसलं तरी चालतं.’

मी म्हटलं, जर्मनमध्ये उतरवून देतो.

‘जर्मन मी आठवडाभर खातो. शनिवारी तरी मला मराठीत दे. आणि ते “प्रज्वलन”, “अभिसरण” वगैरे लिहिलंस, तर गॅरेजमध्ये पाऊल ठेवू देणार नाही.’

तो हिवाळा माझ्या इथल्या सगळ्या वर्षांतला सर्वांत सुखाचा होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. ग्रंथालयातून घरी यायचं, चहा करायचा आणि दोन पानं मराठीत उतरवायची. शनिवारी ती घेऊन तुझ्याकडे यायचं. तू हिटर लावलेला असायचा, उवे कोपऱ्यात स्टुलावर बसून काहीतरी घासत असायचा. उवे म्हणजे तुझा क्लबातला दोस्त, सत्तरीतला निवृत्त फिटर. मी टॉर्च धरायचो. तू बग्गीखाली आडवा पडून पुढचा परिच्छेद वाचून दाखव म्हणायचास, आणि मी वाचायचो. एकदा मला सर्दी झाली होती, तेव्हा तूच मोठ्याने वाचलंस. उवेने अख्खं पान शांतपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. ‘गेनाऊ,’ म्हणाला, म्हणजे ‘अगदी बरोबर’. आपण दोघं किती हसलो होतो.

शब्दांवरून भांडणं व्हायची. रीड व्हॉल्व्हला मी ‘पर्णझडप’ लिहिलं होतं.

‘पर्ण? झाड आहे का ते? पातीची झडप लिही. पाती असते ती.’

मी खोडून ‘पातीची झडप’ लिहिलं. तू म्हणालास तेच बरोबर होतं. बहुतेक वेळा तुझंच बरोबर असायचं. इथे आल्यावर पहिले चार हिवाळे मी तुझ्याच घरी काढले ते उगाच नाही. मिरजेला तासिका तत्त्वावर शिकवून माझी उमेद संपली होती, तेव्हा ‘तू ये, बाकी मी बघतो’ एवढंच म्हणालास आणि खरंच बाकी सगळं बघितलंस. परदेशी नागरिकांच्या कचेरीत माझ्याबरोबर रांगेत उभा राहिलास. ग्रंथालयातल्या नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तूच जर्मन साहेब होऊन मला प्रश्न विचारलेस, आणि मी अडखळलो की टेबलावर बोटं वाजवलीस. त्याचे आभार मी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आता वाटतं, असायला हरकत नव्हती.

या इंजिनाला रेडिएटर नसतो, हे मला त्याच हिवाळ्यात कळलं. मागचा पट्टा बर्फ उडवतो, तो खालच्या पत्र्यावर आपटतो आणि त्यानेच आतलं पाणी निवतं. बर्फ नाही तर इंजिन थंड राहणार नाही. तू भंगारातल्या एका छोट्या गाडीचा रेडिएटर आणून मागे बसवलास, दोन पंखे लावलेस, नळ्या ओढल्यास.

‘आपण उन्हातून उठून थंडीत आलो, हे थंडीतून उठून उन्हात आलंय,’ तू म्हणालास. ‘याचीही सोय बघायला नको?’

जागा करण्यासाठी तू तेलाची टाकीही मूळ ठिकाणाहून काढून सीटच्या मागे नेलीस. त्यासाठी तेलाची नळी सोडवलीस आणि लांब केलीस. इथेच ते आहे, दादा.

त्या पुस्तकात पानोपानी पिवळ्या चौकटी होत्या. हातमोजे घाला. भाजेल. मुलांना दूर ठेवा. इंजिन बंद असल्याची खात्री करा. पुन्हा हातमोजे घाला. वाक्य जरा ओघाला लागलं की मध्ये चौकट. सुरुवातीच्या दहा-बारा मी इमानेइतबारे उतरवल्या. मग मला कंटाळा आला. कंटाळा हा शब्दही खरा नाही. मला त्यांचा राग यायला लागला. माझं मराठी छान वाहत होतं आणि या चौकटी ते तोडत होत्या. तुझ्यासारख्याला भाजेल म्हणून काय सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं आणि सगळ्या गाळल्या. आधी उतरवलेल्याही काढून टाकल्या, म्हणजे सगळीकडे सारखं दिसेल. पुढच्या तर मी वाचल्याही नाहीत.

आणि हे मी लपवलं नव्हतं, हेच आता जास्त बोचतं. बासष्ट पानं झाली, मी ती स्पायरल करून आणली आणि वर चार ओळींचं निवेदन जोडलं. त्यात लिहिलं होतं, ‘अनावश्यक पुनरुक्ती गाळली आहे.’ तू ते गॅरेजमध्ये मोठ्याने वाचलंस आणि पोट धरून हसलास. मग ते घरातच रुळलं. वहिनी दुसऱ्यांदा काही सांगू लागल्या की तू म्हणायचास, ‘अनावश्यक पुनरुक्ती गाळा!’ तुझी लेक सानिका आपली जर्मनमध्ये उत्तर देणारी, पण हे वाक्य तिलाही मराठीत पाठ झालं होतं.

‘तुझं वाचलं की मूळ उघडायची गरज नाही,’ तू एकदा म्हणालास. माझ्या लिहिण्याला मिळालेली सगळ्यांत मोठी दाद तीच. ती मी घेऊन घरी गेलो आणि त्या रात्री नीट झोपलोसुद्धा.

मे महिन्यातल्या एका रविवारी खाणीत पहिली फेरी झाली. वहिनींनी थालिपीठं आणि लोण्याचा डबा आणला होता. सानिका तेव्हा पंधरा वर्षांची, मोबाइल धरून शूटिंग करत होती. उवेने कॉफीचा थर्मास आणला होता. तू हेल्मेट घातलंस, दोरी ओढलीस. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. तो आवाज आपल्या घरात कोणी काढू शकेल असं मला वाटलं नव्हतं. तू मला शेजारच्या सीटवर बोलावलंस.

‘चल रे, बस. अर्धं तुझं आहे हे.’

मी नको म्हटलं. पाठीचं कारण सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती आणि सगळ्यांसमोर घाबरलेलं दिसायचं नव्हतं.

तीन फेऱ्या झाल्या. जिथे जुनं इंजिन धापा टाकायचं त्या चढावरून तू सरळ वर गेलास. उवे कौतुकाने म्हणाला, काय स्वच्छ चालतंय, जराही धूर नाही. मी ते भाषांतर करून वहिनींना सांगितलं. त्याही खूश झाल्या.

चौथ्या फेरीला आवाज बारीक झाला आणि एकदम थांबला. गाडी मात्र आपल्याच वेगात उतारावरून निःशब्द घरंगळत आली आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तू दोरी ओढलीस. हलेना. दोन्ही हातांनी ओढलीस. सानिका मोबाइल धरूनच हसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, ‘पापा, मोडलंस ना!’ तिचं काही चुकलं नाही, तिला वाटलं पुन्हा सुरू होईल. उवे जवळ आला, त्याने एकदा दोरीला हात लावला आणि एकच शब्द बोलला. जाम.

तू हेल्मेट काढलंस. मग तुझा चेहरा बदललेला मी पाहिला.

‘धूर नव्हता,’ तू म्हणालास. ‘टू-स्ट्रोक इंजिन आणि धूर नव्हता, म्हणजे तेल पोचतच नव्हतं. आणि मी तसाच चालवत राहिलो.’

तू हे मराठीत, माझ्याकडे बघून म्हणालास. मिरजेला बाबांच्या स्कूटरमध्ये पेट्रोल-ऑइल भरलं की टाकीत दोन्ही नीट मिसळावं म्हणून स्कूटर दोन्ही बाजूंना हलवायचं काम तुझं होतं. निळा धूर बघून स्कूटरची तब्येत सांगायचास तू, दहा वर्षांचा असताना. या इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, वेगळ्या टाकीतून पंप ते ओढतो. माझ्या बासष्ट पानांत तसं वाक्यही होतं: ‘इंजिनाच्या गतीनुसार तेलाचा पुरवठा आपोआप होत राहतो.’ तुला ते वाक्य आवडलं होतं. सरळ आहे, म्हणाला होतास.

मी संध्याकाळी घरी आलो. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. पुस्तक काढलं, ते पान काढलं. वाक्याच्या खालीच चौकट होती. तेलाची नळी सोडवली असेल, तर पंपात हवा अडकते. स्क्रू ढिला करून ती हवा काढावी, आणि पहिली टाकी तेल मिसळलेल्या पेट्रोलचीच भरावी. नाहीतर इंजिन निकामी होईल. अख्ख्या पुस्तकात हे एकाच ठिकाणी होतं. पुनरुक्ती नव्हतीच.

मी उठून फोन घेतला. तुझं नाव स्क्रीनवर आणलं. मग वाटलं, आज तो आधीच खचला आहे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, शनिवारी समोरासमोर सांगू. शनिवारी तू सिलिंडर उघडून ठेवला होतास. पिस्टनवर खोल ओरखडे उमटले होते. तू त्यांवरून अंगठा फिरवत होतास.

‘तेलाची नळी मी सोडवली,’ तू म्हणालास. ‘नवी लांब नळी मी टाकली. तिच्यात हवा राहणार, हे कळायला पुस्तक लागतं का? हे तर पोराला कळेल.’

‘तुझी चूक नाही रे,’ मी म्हटलं.

तू वर बघितलंस. ‘मग कोणाची? इंजिनाची?’

दादा, ती जागा होती. दार उघडून तू बाजूला उभा होतास. मी म्हटलं, ‘अशा गोष्टी होतात.’ आणि टॉर्च उचलून तिची बॅटरी तपासत बसलो.

आणखी एकदा संधी आली होती. जूनमध्ये तू म्हणालास, ‘एकदा ते मूळ पुस्तक दे रे. पंपाबद्दल आणखी काही लिहिलंय का बघू.’ मी म्हटलं, ग्रंथालयात राहिलंय, आणतो. ते त्या क्षणी माझ्या पिशवीत होतं आणि पिशवी माझ्या पायाशी होती. तू पुन्हा मागितलं नाहीस. नवीन पिस्टन आणि सिलिंडर तू मागवून घेतलेस, खोका आला. तो तू फळीवर ठेवलास आणि उघडलाच नाहीस. दोन उन्हाळे गेले.

तुला कळलं होतं का, हा विचार मी या सहा आठवड्यांत पुष्कळदा केला. कळलं असावं, आणि तू मला सांभाळून घेतलं असावंस, असं वाटून घेणं सोपं आहे. पण मी तुला ओळखतो. तुला कळलं असतं तर तू मला जिन्यातूनच शिव्या घालत वर आला असतास, पंधरा मिनिटं आरडाओरडा केला असतास, मग मलाच चहा टाक म्हणाला असतास आणि सोमवारी तो खोका फोडला असतास. म्हणून तुला कळलं नव्हतं. मी एक वाक्य बोललो असतो, तर ती बग्गी त्याच वर्षी जुलैमध्ये पळाली असती. तुझी लाज वाचवतोय अशी मी माझी समजूत घातली होती, पण वाचवत होतो माझी स्वतःची. आयुष्यात तू माझं एकच काम मानलंस, नीट वाचणं, आणि तेच मी नीट केलं नव्हतं.

शनिवारी हार्त्सचा तो माणूस इंजिनाभोवती फिरला. सभ्य होता, पन्नाशीचा. उघड्या सिलिंडरमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, हे जाम कशामुळे झालं? मला कळायला हवं, म्हणजे क्रँकशाफ्टपर्यंत उघडायचं की नाही ते ठरवता येईल.

वहिनी जर्मनमध्ये म्हणाल्या, ‘माझ्या नवऱ्याची चूक झाली होती. ते स्वतः नेहमी सांगायचे.’

‘नाही,’ मी म्हटलं.

मी जर्मनमध्येच बोललो. हे पहिल्यांदा परक्या भाषेत आणि परक्या माणसापाशी बोललो, म्हणूनच बोलता आलं असावं. भाषांतर मी केलं होतं, म्हणालो. सूचना पुस्तकात होती. मी ती गाळली. माझ्या भावाने माझ्या कागदांवर विश्वास ठेवून काम केलं. त्याचं काम बरोबर होतं.

उवे तिथेच होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुसरीकडे बघायला लागला. त्या माणसाला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. ‘अच्छा, म्हणजे फक्त तेल,’ तो म्हणाला. ‘इंजिनात दोष नाही. छान.’ आणि ट्रेलरचे पट्टे सोडायला गेला.

इंजिन चढलं, तो न उघडलेला खोकाही त्याने नेला. ट्रेलर वळणाआड गेला. गॅरेजचं शटर ओढल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

‘भावजी, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?’

‘त्याच दिवसापासून.’

‘त्याच दिवसापासून,’ त्या हळू म्हणाल्या. ‘त्या वर्षी ते चाचणी विभागातून टेबलाच्या कामावर गेले, आठवतं? तुम्ही पेढे आणले होतेत.’

‘बढती होती ना ती?’

‘बढती कसली. त्यांनी मागून घेतली ती बदली. मला म्हणाले, माझं लक्ष राहत नाही गं आता, घरच्या इंजिनात एवढं चुकलं, तिथे चुकलं तर कोणाच्या जिवावर बेतेल. मी किती समजावलं. सकाळी बाल्कनीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे. आणि तुम्ही दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत होतात, भावजी. दर रविवारी.’

मी म्हटलं, ‘वहिनी, माझं चुकलं.’

‘मला नका सांगू,’ त्या म्हणाल्या. ‘ज्यांना सांगायचं होतं त्यांना नाही सांगितलंत. आता माझ्याकडे माफी मागून काय मिळणार आहे?’

त्या गाडीत बसून गेल्या. मी ट्रामने घरी आलो. तुझ्या त्या बदलीबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. पेढे मात्र आणले होते, हे खरं आहे. तू एक उचललास, अर्धा मला भरवलास आणि म्हणालास, ‘आता टेबल-खुर्चीचा माणूस झालो, तुझ्या जातीत आलो.’ मला तेव्हा बरं वाटलं होतं.

काल सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता, पण फोन त्यांनी केला.

‘जेवायला या,’ म्हणाल्या. ‘पण एक आहे. सानिकाला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. तिने तो व्हिडिओ अजून ठेवलाय, त्यात स्वतः हसलेली आहे ती, आणि ते गेल्यापासून तो रोज बघते. तिला कळायला हवं, तिचे बाबा चुकले नव्हते.’

मी गेलो. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. आमटी-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. सानिका समोर बसली होती. ती आता सतरा वर्षांची आहे, दादा, आणि ऐकताना ती तुझ्यासारखी भुवई उचलते. मी मराठीत सांगितलं, सुरुवातीपासून. पिवळ्या चौकटी, ओघ, पंप, फोन हातात घेऊन खाली ठेवला ते, पिशवीत असलेलं पुस्तक. काही गाळलं नाही. मी बोलत असताना वहिनी ताटातला भात बोटांनी सारखा करत राहिल्या.

माझं संपल्यावर सानिकाने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, ‘म्हणजे पापांनी सगळं बरोबर केलं होतं?’

‘हो. सगळं.’

‘आणि मी त्यांना हसले.’

‘तुला माहीत नव्हतं.’

‘तुला माहीत होतं, काका.’ तिने माझ्याकडे सरळ बघितलं. ‘तू त्यांना सांगितलंस? नंतर तरी? हॉस्पिटलमध्ये?’

हॉस्पिटलमध्ये मी तुझ्याजवळ दोन दुपारी बसलो होतो. दुसऱ्या दुपारी तू जागा होतास. तू मला विचारलंस, काय वाचतोयस सध्या, आणि मी पुस्तकाचं नाव सांगितलं, मग त्यातली गोष्ट सांगत राहिलो, तुला डुलकी लागेपर्यंत.

‘नाही,’ मी सानिकाला म्हटलं.

तिने ताट उचललं, आत जाऊन ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. वहिनी तिच्यामागे गेल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी भाताचं पातेलं ओढलं आणि मला न विचारता माझ्या पानात आणखी भात वाढला, वर आमटी घातली. मला भूक नव्हती. मी मान खाली घालून तो सगळा जेवलो.